पहिलाच अल्बम, पण निम्मी गाणी दुसऱ्यांची: बर्ड्स, बारा तारा आणि आमची हलगी

रंकाळाकाठ
नमस्कार मंडळी. हा धागा काढायचं बरेच दिवस मनात होतं, आज पावसानं घरात बसवलंय म्हणून लिहूनच टाकतो. लांबेल जरा.

माझा भाचा आणि त्याचे तीन दोस्त राजारामपुरीत एका गोडाऊनमध्ये प्रॅक्टिस करतात. दोन गिटार, एक बेस, एक ड्रम. आता त्यांना पहिला अल्बम करायचाय आणि महिनाभर एकाच गोष्टीवरून वाजलंय. दोघं म्हणतात सगळी गाणी स्वतःचीच पाहिजेत, पहिल्याच फटक्यात दुसऱ्याची गाणी घेतली की लोक म्हणणार ही तर कॉप्या मारणारी पोरं. उरलेल्या दोघांना यल्लम्मादेवीच्या जोगत्याचं एक गाणं आणि एक धनगरी ओवी घ्यायचीय, दोन्ही लहानपणापासून कानावर पडलेली. शेवटी निवाडा माझ्याकडं आला, मामा ना मी.

मी काही बोललो नाही. त्यांना समोर बसवलं आणि द बर्ड्स या अमेरिकन बँडचा पहिला अल्बम लावला, 'मिस्टर टॅम्बोरिन मॅन', जून १९६५ चा. बारा गाणी, सगळी मिळून अर्ध्या तासाची. त्यातली चार अमेरिकन गायक-गीतकार बॉब डिलनची, तीन इतर लोकांची आणि फक्त पाच यांची स्वतःची. म्हणजे निम्म्याहून जास्त माल बाहेरचा! आणि तरी 'फोक रॉक', म्हणजे लोकसंगीताला रॉकची जोड, हा शब्द तिकडच्या छापील पेपरांनी वापरात आणला तो ह्यांच्यासाठी. जे गाणं डिलननं गिटार आणि माउथऑर्गनवर साडेपाच मिनिटं गायलेलं, ते ह्यांनी अडीच मिनिटांत बसवलं, चार कडव्यांतलं एकच ठेवलं, ठेका बदलला आणि अमेरिका आणि ब्रिटन दोन्हीकडं एक नंबरला नेलं.

मी हा अल्बम गेली तीस वर्षं ऐकतोय आणि अजून पहिली पाच सेकंद आली की अंगावर काटा येतो. तर माझे प्रश्न असे, पहिला अल्बम दुसऱ्यांच्या गाण्यांवर उभा असेल तर त्याला मनापासून भारी म्हणायचं का? आणि लोकगीताला वीज लावली की ते लोकगीत राहतं का? मोकळेपणानं लिहा, पोरं वाचणारेत.

पेठेतला_पोरगा
मामा, वाचायच्या आधी गाणं लावलं. सुरुवातीची ती गिटार... नाद खुळा!! बाकीचं रात्री वाचतो.

तुणतुणं
मला नाही पटत. नीट कारण देऊन सांगतो.

एक तर चार कडव्यांची कविता कापून एकच ठेवायची म्हणजे पोवाड्यातला फक्त मुजरा गाऊन खाली उतरण्यासारखं आहे. त्या गाण्याचा जीवच त्या लांबण लावण्यात आहे, माणूस रात्रभर जागा आहे, पाय थकलेत, झोप येत नाही, ते सगळं गेलं. दुसरं म्हणजे, ज्या गाण्यानं बँड गाजला त्यात बँडनं वाजवलंच नाही हे का लिहिलं नाहीत? जानेवारी १९६५ ला ते रेकॉर्ड झालं तेव्हा प्रोड्यूसर टेरी मेल्चरचा पोरांच्या वाजवण्यावर भरवसा नव्हता. ड्रम हॅल ब्लेन, बेस लॅरी नेक्टेल, पियानो लिऑन रसेल, सगळे भाड्यानं बोलावलेले स्टुडिओतले लोक. बँडमधला एकटा मॅग्विन गिटार वाजवत होता, क्रॉस्बी आणि जीन क्लार्क नुसते गायला. गाणं डिलनचं, वाजवणारे परके. मग बँडचं काय उरलं त्यात?

रंकाळाकाठ
तुणतुणं, बरोबर आहे तुमचं, ते लिहायला हवं होतं. पण अर्धंच सांगितलंत. भाडोत्री वादक त्या सिंगलच्या, म्हणजे दोन गाण्यांच्या छोट्या रेकॉर्डच्या, दोन बाजूंपुरते होते. अल्बमची बाकीची दहा गाणी पोरांनीच वाजवलीत. आणि ती पोरं कोण होती बघा, क्रिस हिलमन मूळचा मँडोलिन वाजवणारा, बेस त्यानं बँडसाठी हातात घेतला. ड्रमर मायकल क्लार्ककडं सुरुवातीला ड्रमसेटच नव्हता, पुठ्ठ्याची खोकी मांडून त्यावर प्रॅक्टिस करायचा. असली पोरं वर्षाच्या आत असा अल्बम देतात. सिंगल आणि बाकीची गाणी लागोपाठ ऐका, सिंगल जास्त घासूनपुसून आहे, पण मला बाकीच्यांतला तो थोडा धडपडणारा ड्रम जास्त आवडतो.

बँडचं काय उरलं म्हणता, तर आवाज उरला. त्या गिटारचा आणि तीन गळ्यांचा. तो त्याआधी कुठंच नव्हता.

चहा_कटिंग
पुठ्ठ्याच्या खोक्यांवर ड्रम म्हणजे आमच्या गल्लीतल्या गणपतीची प्रॅक्टिस की वो 😄

मिरजेची_जवारी
गिटारच्या आवाजाचा विषय निघालाय तर मला बोललंच पाहिजे, आमच्या घरात तीन पिढ्या तंतुवाद्यांची दुरुस्ती चाललीय.

मॅग्विनच्या हातात होती रिकेनबॅकर कंपनीची बारा तारांची इलेक्ट्रिक गिटार. साध्या गिटारला सहा तारा, इथं सहा जोड्या. जाड्या चार जोड्यांत एक तार खालच्या सप्तकातली आणि जोडीला तोच सूर वरच्या सप्तकात, शेवटच्या दोन जोड्या एकाच सुराला मिळवलेल्या. आता कितीही नीट मिळवा, दोन तारांत केसाएवढा फरक राहतोच आणि त्या फरकातून ती झिलई येते. रिकेनबॅकरमध्ये आणखी एक गंमत आहे, इतर बारा तारांच्या गिटारांत आघात आधी बारीक तारेवर पडतो, हिच्यात जोडीचा क्रम उलटा, जाड तार आधी वाजते आणि बारीक तिच्या पाठोपाठ. त्यात मॅग्विन मूळचा बँजोवाला, हातात पट्टी आणि दोन बोटांत नखी घालून वाजवणारा, म्हणून ते सूर धबधब्यासारखे एकामागं एक येतात. वर स्टुडिओत कम्प्रेसर लावून लावून सूर लांबवलाय, म्हणजे मोठा आवाज दाबायचा आणि विझत चाललेला वर उचलायचा, की तार मरता मरत नाही.

आता हे वाचून तुम्हाला काही आठवतंय का? तंबोरा! आपण घोडीवर तारेखाली सुताचा दोरा सरकवतो, एका नेमक्या जागी तार अशी उघडते की एका सुरातून दहा सूर बाहेर पडतात आणि विझायचं नावच घेत नाहीत. ती जवारी. मिरजेला शिकलगारांनी हत्यारं सोडून वाद्यं करायला घेतली त्याला पावणेदोनशे वर्षं होत आली, पंढरपूर भागातनं भोपळे येतात, २०२४ ला मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, पण मिळाला. आमच्या आजोबांना इंग्रजीचा एक शब्द कळत नव्हता. मी कॉलेजात असताना हे गाणं लावलं, ते दारात येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "ह्याची जवारी कुणी काढली रे?" त्यापेक्षा मोठं सर्टिफिकेट मला तरी माहीत नाही.

पेठेतला_पोरगा
आजोबांचं वाक्य वाचून थांबलो राव. लै भारी.

गंगावेस_नाका
जवारी भावा, थोडी भर. ती गिटार मॅग्विनच्या हातात आली कशी, तर १९६४ चा बीटल्सचा सिनेमा बघून. जॉर्ज हॅरिसनच्या हातात रिकेनबॅकर दिसली आणि हे सगळे थिएटरमधनं बाहेर पडले ते असलीच पाहिजे म्हणत. आणि मग वर्षभरात उलटं झालं, बर्ड्सच्या ह्याच अल्बममधल्या 'द बेल्स ऑफ रिम्नी'ची गिटार हॅरिसननं उचलून स्वतःचं गाणं बांधलं आणि तसं मोकळेपणानं कबूलही केलं. ह्याचं त्यानं, त्याचं ह्यानं. आणि तुणतुणं दादा, डिलनचा स्वतःचा काय बोल होता? ह्यांच्या तालमीत ते ऐकून तो चाट पडला, ह्यावर नाचता येतं की, असं म्हणाला. अल्बम आल्यावर महिन्याभरात, जुलै १९६५ मध्ये, न्यूपोर्टच्या लोकसंगीत महोत्सवात तो स्वतः इलेक्ट्रिक गिटार घेऊन उभा राहिला आणि लोकांच्या शिव्या खाल्ल्या.

जुनी_कॅसेट
'बेल्स ऑफ रिम्नी'चं नाव निघालं म्हणून मी लिहितेय, एरवी मी नुसती वाचणारी.

माझ्या भावानं पुण्याच्या हॉस्टेलमधून एक कॅसेट भरून आणली होती. साठ मिनिटांची, एका बाजूला हा अल्बम, शेवटचं गाणं अर्ध्यात तुटलेलं. मी दहावीत होते. इंग्रजी गाण्यातले शब्द कळायचे नाहीत पण हे एक गाणं मी परत परत मागं नेऊन ऐकायचे, कारण त्यात गावांची नावं यायची एवढं कळत होतं. पुढं कितीतरी वर्षांनी समजलं की ती वेल्समधल्या कोळशाच्या खाणींच्या गावांची नावं आहेत. मूळ कविता इद्रिस डेव्हिस याची. हा माणूस चौदाव्या वर्षी स्वतः खाणीत उतरलेला. १९२६ चा मोठा संप मोडला, काम गेलं, मग शिकून मास्तर झाला आणि १९३८ मध्ये ते सगळं लिहून काढलं. एकेका गावची घंटा वाजते आणि बोलते, कधी प्रश्न विचारते, खाणमालकांबद्दल, देवाबद्दल. अमेरिकन लोकगायक पीट सीगरनं त्याला चाल लावली आणि बर्ड्सनी त्यावर ती झिलईची गिटार घातली. सगळ्यात चकचकीत आवाज सगळ्यात दुःखाच्या गाण्याला! आधी मला ते खटकायचं. आता नाही खटकत.

आमची आजी कागलजवळच्या खेड्यातली, जात्यावर बसली की ओव्या म्हणायची. ओवीत कोण मेलं, कुणाची म्हैस गेली, कुठल्या दुष्काळात काय खाल्लं, सगळं यायचं, आणि आवाज मात्र अगदी सरळ, कुठं कापरा नाही. जात्याची घरघर चालूच. मला वाटतं दुःखाच्या गाण्याला रडका आवाज लावणं हे सिनेमावाल्यांचं काम, ओवीला ते लागत नाही. आणि ह्या गाण्यालाही लागलेलं नाही.

शेवटच्या कडव्यानंतर तीन गळे नुसतं शब्दांशिवाय गात जातात ना, तिथं मी अजूनही हातातलं काम थांबवते.

तुणतुणं
ताई, तुमची पोस्ट वाचून 'बेल्स' परत लावलं. ह्या एका गाण्यापुरतं मागं घेतो.

फडातला
आता माझा घास. घरात तमाशाचा वारसा आहे, वडील ढोलकीला होते.

'गाणं कुणाचं' हा प्रश्न आमच्यात कधी कुणी असा विचारलाच नाही. पठ्ठे बापूरावांच्या लावण्या घ्या. माणूस जाऊन १९४५ पासून आजवर इतकी वर्षं झाली, त्यांच्या लावण्या किती फडांनी गायल्या त्याला मोजदाद नाही. पण लोक काय म्हणतात? अमक्या फडाची 'ती' लावणी ऐकली का. रचना बापूरावांची, पण बाज फडाचा. बाज म्हणजे ढोलकीनं कुठं सम दाखवली, कुठं अडवलं, गळ्यानं कुठला शब्द धरून ठेवला, सुरत्यानं, म्हणजे मागच्या साथीदारानं, कुठं झील ओढली. दोन फड तीच लावणी गातील आणि दोन वेगळी गाणी वाटतील. तुणतुणं म्हणतात कडवी कापली. अहो वडील सांगायचे, बारीवर माणसं चुळबुळायला लागली की कडवं गाळायचं, आणि कुठलं गाळायचं हे ज्याला कळतं तोच सरदार. बर्ड्सनी चारातलं एक कडवं ठेवलं, पण कुठलं ठेवलं ते बघा, जहाजावर घेऊन चल म्हणणारं, ज्यात लांब जायची ओढ आहे. बाकी थकवा त्यांनी शब्दांतनं काढला आणि गळ्यात ठेवला, मॅग्विनचा आवाज ऐका, अर्धवट झोपेतल्यासारखा आहे.

गळ्यांबद्दल एक. शाहीर पुढं, झीलकरी मागं, जी जी रं जी. आपले झीलकरी एकाच सुरात भिडतात, त्यानं जोर येतो. ह्यांच्यात मॅग्विन आणि जीन क्लार्क बऱ्याचदा एकच सूर धरतात आणि क्रॉस्बी त्यावर तिसरीच वाट चालतो, कधी वर कधी मध्ये. त्यानं जोर कमी होतो पण जागा मोठी होते, देवळात गायल्यासारखी. हे दोन्ही एकत्र केलं, म्हणजे ध्रुपद एकसुरी जोरात आणि कडव्याच्या शेवटी आवाज फुटत गेला, तर काय होईल हे मला आयुष्यात एकदा ऐकायचंय. पोरांनो, बघा काही जमतंय का.

चहा_कटिंग
फडातला काका, हे तर तुम्ही अल्बमचं पहिलं गाणंच बसवून दिलंत.

शिवाजीपेठ_१२
थोडा विषयांतर. कोल्हापुरात फोक रॉक करायचं आणि हलगी नाही घ्यायची हे होऊच शकत नाही. खासबागेत कुस्ती लागली की हलगी आणि घुमकं सुरू होतं, पैलवान अजून माती अंगाला लावतोय आणि वरच्या पायऱ्यांवर बसलेल्या म्हाताऱ्याचा पाय आपोआप हलायला लागतो. ड्रमसेटनं हे होत नाही. फायबरची हलगी मिळते आजकाल, पाऊस असो ऊन असो, सूर सुटत नाही, स्टुडिओत सोपं जाईल.

फडातला
फायबर नको!! चामड्याच्या हलगीला आधी टण्ण आवाज आणि मागं एक ओलसर घुमारा असतो, फायबरला नुसता टण्ण.

शिवाजीपेठ_१२
काका, मग तुम्ही तुणतुणं दादांच्याच बाजूला गेला. वीज चालते आणि फायबर चालत नाही?

फडातला
नीट विचार करायला लावलंस. सांगतो. वीज लावली म्हणून माझं भांडण नाही, कान गेला तर भांडण आहे. जवारी भाऊंनी सांगितलं तसं ह्यांनी विजेनं तारेचा आवाज वाढवला, जी गोष्ट तारेत आधीच होती ती लांबवली. फायबरमध्ये जी गोष्ट कातड्यात होती ती कमी होते. उद्या एखाद्यानं फायबरमधनं कातड्यात नाही असं काही काढून दाखवलं तर मी स्वतः विकत घेईन.

मिरजेची_जवारी
सहमत. शंभर टक्के.

तुणतुणं
मी बरंच मागं आलोय ह्या धाग्यात, पण एक गोष्ट सोडणार नाही आणि ती पोरांनी नीट वाचावी.

बर्ड्सच्या रेकॉर्डवर प्रत्येक गाण्यापुढं रचणाऱ्याचं नाव आहे. डिलनचं, सीगरचं, इद्रिस डेव्हिसचं. गाणं चाललं की त्याचा वाटा त्यांच्याकडं गेला. आपल्याकडं काय होतं? जोगत्याचं गाणं उचलतात, त्यापुढं 'पारंपरिक' असं छापतात आणि मोकळे होतात. ज्या माणसाकडनं चौंडकं, म्हणजे जोगत्यांचं तारेचं वाद्य, ऐकून ती चाल उचलली तो सौंदत्तीच्या वाटेवर तसाच चालत असतो. माझ्या ओळखीच्या एका वाघ्याचं गाणं असंच एका रेकॉर्डवर आलं, त्यानं ते चहाच्या टपरीवर मोबाइलवर ऐकलं, स्वतःचीच चाल, स्वतः घातलेली एक ओळ सुद्धा तशीच. मला विचारत होता, "हे माझंच हाय न्हवं?" मी काय सांगणार?

तर घ्या लोकगीत, जरूर घ्या. पण कुणाकडनं घेतलं ते नाव आणि गाव घालून लिहा, त्या माणसाला आधी विचारा, रेकॉर्डिंगला बोलवा आणि पैसे ठरवून द्या. वीज-बीज नंतर.

जुनी_कॅसेट
हे सगळ्यात महत्त्वाचं लिहिलंत.

गंगावेस_नाका
होय. धागा वर पिन करा कुणीतरी.

पेठेतला_पोरगा
सगळं वाचलं रात्री दोनपर्यंत, अल्बम तीनदा झाला. एक कुणीच बोललं नाही, जीन क्लार्क! ह्या माणसाची स्वतःची गाणी डिलनच्या चार गाण्यांच्या मधी ठेवलीत आणि कुठं हलकी वाटत नाहीत. 'आय विल फील अ होल लॉट बेटर' मध्ये तो म्हणतो तू गेलीस की मला बरं वाटेल, पण मधीच एक 'बहुतेक' घालतो. त्या एका 'बहुतेक'मध्ये पोरगा पूर्ण उघडा पडलाय. दुसऱ्यांची गाणी घेतली म्हणून त्याची बुडाली नाहीत, उलट त्यांच्या शेजारी बसून ती उजळलीत. रंकाळाकाठ मामा, तुमच्या पहिल्या प्रश्नाचं माझं उत्तर हे.

रंकाळाकाठ
क्या बात! हेच मला पोरांना सांगायचं होतं आणि सापडत नव्हतं. डिलनच्या शेजारी गाणं ठेवायचं म्हणजे केवढी छाती लागते. सगळी स्वतःचीच गाणी ठेवली असती तर ती मोजायला शेजारी काही नसतं.

भाच्याला लिंक दिलीय, लिहील तो.

गोडाऊन_सेशन
नमस्कार, मी तो भाचा. चौघांनी एकत्र बसून वाचला सगळा धागा, मोठ्यानं. भांडण मिटलं असं म्हणणार नाही पण वेगळ्या जागी गेलंय. ठरलंय असं की आठ गाणी, पाच आमची, तीन लोकांची. फडातला काकांनी सांगितलेलं, ध्रुपद एकसुरी आणि शेवटी फुटणारं, काल रात्री धनगरी ओवीवर करून बघितलं. पहिल्या वीस वेळा घाण झालं, एकविसाव्या वेळी आमचा बेसवाला वाजवायचा थांबला आणि नुसता बघत राहिला. तेवढंच पुरे आत्ता.

तुणतुणं काका, जोगत्याचं गाणं ज्या काकांकडनं ऐकलं ते दर पौर्णिमेला आमच्या आजीच्या घरी येतात. आजीला सांगून त्यांना रीतसर विचारलं. ते म्हणाले गाणं देवीचं आहे, ते गावानं गावं, पण चौंडकं मीच वाजवणार, तुमच्या पोरांना ते ओढता येत नाही. रविवारी येतायत. नाव आणि पैसे दोन्ही ठरलं.

हलगी चामड्याचीच. ती जाळावर तापवून ताणावी लागते, पण अडचण झालीय, ज्या स्टुडिओत बोलणं झालेलं त्यांनी आत काय, जिन्यातही जाळ करू देणार नाही म्हणून सांगितलं, आणि ह्या हवेत हलगी दहा मिनिटांत ढिली पडतेय. म्हणून गोडाऊनमध्येच रेकॉर्ड करायचं ठरवलंय, बाहेर पत्र्याखाली तापवायची आणि पळत आत यायचं. पत्र्यावर पाऊस वाजेल तो वाजेल.

मिरजेची_जवारी
पाऊस राहू दे रेकॉर्डिंगमध्ये. बारा तारांची गिटार कुणाकडनं आणणार आहात? नसेल तर माझ्याकडं आहे, रिकेनबॅकर नाही, साधीच आहे, पण घोडी मी स्वतः घासलीय.

गोडाऊन_सेशन
काका!!! फोन नंबर मेसेज करा प्लीज.

फडातला
रविवारी किती वाजता? आणि हलगी तापवायला काय वापरताय? कागद नको, त्याचा जाळ भसकन येतो आणि कातडं करपतं.

गोडाऊन_सेशन
सकाळी दहा. कागदच होता काका.

फडातला
पाचट मी आणतो. गोठ्याच्या माळ्यावर कोरडं आहे.